मोटारसायकलचा कार्बोरेटर : सफाई, ट्युनिंग आणि गिऱ्हाइकाचा भरवसा

कडा हे अहिल्यानगर-आष्टी मार्गावरचे बाजारपेठेचे गाव. सप्टेंबर २०२२ मध्ये येथे रेल्वे आली, तरी वाडी-वस्तीवरचा माणूस गावात येतो तो मोटारसायकलीवरच. दुधाचे कॅन, खताची गोणी, शाळेची पोरे, सगळा भार याच गाडीवर. त्यामुळे गॅरेज हा आपल्या अनेक कारागीर बांधवांचा पोटापाण्याचा धंदा झाला आहे. या धंद्यात गिऱ्हाइकाची सर्वात जास्त येणारी तक्रार एकच : "उस्ताद, गाडी पेट्रोल फार खाते." म्हणून आज आम्ही कार्बोरेटरविषयी लिहीत आहोत.

आधी हिशोब पाहू. एक गाडी लिटरला ६० किलोमीटर देत होती, ती ४८ वर आली. मालक रोज ४० किलोमीटर फिरतो. म्हणजे महिन्याला ५ लिटर पेट्रोल जास्त जळते. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याचे ५०० रुपये झाले. सफाईचे चार पैसे घेऊन आपण काम बिघडवून दिले, तर गिऱ्हाइकाच्या खिशातून दर महिन्याला ही रक्कम जात राहते. त्याला कारण कळत नाही, पण गॅरेज मात्र लक्षात राहते.

तार घालू नका

कार्बोरेटरचे काम हवेत पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळण्याचे. साधारण १ ग्रॅम पेट्रोलला पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. हे माप राखतात ते पितळी जेट. पायलट जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. पितळ मऊ, त्यात स्टीलची तार फिरवली की भोक मोठे होते. ०.४० मिलिमीटरचे भोक ०.४४ झाले तर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. तेवढे जादा पेट्रोल रोज जळते आणि मग कितीही स्क्रू फिरवला तरी गाडी सुधारत नाही.

जेट काढावे, कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावे आणि हवेने फुंकावे. उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का ते पाहावे. अगदीच चोक झाले असेल तर मऊ वायरीतला तांब्याचा एकच बारीक धागा वापरावा. जेटावर कोरलेला नंबर वाचावा. आधीच्या कोणी दुसऱ्या गाडीचे जेट बसवलेले अनेकदा सापडते. बॉडीत हवा मारण्यापूर्वी फ्लोट आणि रबरी भाग काढून ठेवावेत. फ्लोटची निडल झिजली असेल तर बदलावी, नाहीतर पेट्रोल ओव्हरफ्लो होत राहील.

पेट्रोलचे काम उघड्यावर करावे, जवळ बिडी किंवा स्टोव्ह नसावा. नळीने तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय सोडावी. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

आधी बाकीचे तपासा

दर वेळी दोष कार्बोरेटरचाच नसतो. एअर फिल्टर, प्लग, टॅपेट, चोकची पट्टी आणि टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक आधी पाहावे. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले पॅकिंग हवा खेचत असेल तर ट्युनिंग कधीच जमणार नाही. ब्रेक चिकटत असेल तरीही ॲव्हरेज पडते.

मग दोष कोणत्या टप्प्यावर येतो ते गाडी चालवून ओळखावे. आयडलवर आणि थ्रॉटल जेमतेम उघडल्यावर दोष असेल तर पायलट जेट, मधल्या थ्रॉटलला असेल तर स्लाइडची निडल, आणि पूर्ण थ्रॉटलला असेल तर मेन जेट. निडलची क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर येते आणि पेट्रोल वाढते. क्लिप वर लावली की पेट्रोल कमी होते.

ट्युनिंगची रीत

स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने बंद करून किती फेरे होते ते मोजून लिहून ठेवावे. जोराने आवळला तर टोक बिघडते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा. आत फिरवला की पेट्रोल कमी होते. हा फरक न ओळखता फिरवणारे बरेच आहेत.

इंजिन चांगले गरम झाल्यावरच ट्युनिंग करावे. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून इंजिन सर्वात जोरात कुठे चालते ते शोधावे. मग आयडल स्क्रूने वेग कमी करावा आणि पुन्हा एकदा तपासावे. १०० सी.सी.च्या बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांचा आयडल मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. शेवटी प्लग पाहावा. फिकट तपकिरी रंग बरोबर. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑईलही कमी पडते, आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. म्हणून ॲव्हरेजच्या हव्यासापोटी कधीही फार बारीक सेटिंग करू नये.

बॅलन्सिंग कोणत्या गाडीला?

एकच कार्बोरेटर असलेल्या गाडीला बॅलन्सिंग नसते. येझदी २५० ला दोन सायलेन्सर होते, पण सिलिंडर एक आणि कार्बोरेटरही एकच. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० ला मात्र दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर होते. आज ही गाडी शौकीन लोक जपतात आणि चांगल्या कारागिराला चांगली मजुरी देतात. दोन्ही स्लाइडखाली सारख्या जाडीचे दोन ड्रिल ठेवावेत आणि थ्रॉटल हळू फिरवावा. दोन्ही ड्रिल एकाच वेळी सुटले पाहिजेत. तसे नसेल तर केबलचे ॲडजस्टर फिरवून जुळवावे. बॅलन्स चुकला की एक सिलिंडर दुसऱ्याचा भार ओढतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गाडी

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी काही महिने ऊसतोडीला जातात आणि अनेकांच्या गाड्या घरी उभ्या राहतात. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून जाते, खाली चिकट थर राहतो आणि जेट बंद होतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुने रबर खराब करते. म्हणून जाण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून ड्रेन स्क्रूने चेंबर रिकामे करावे. पाच मिनिटांचे काम आहे. गिऱ्हाईक निघण्यापूर्वी आपणच त्याला हे सांगावे. परत आल्यावर तो आपल्याकडेच येईल.

पुढचा विचार

१ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर राहतील, तोवर हे काम आहेच. पण शागिर्दाला कार्बोरेटर शिकवताना मीटर धरणे, सेन्सर आणि वायरिंग तपासणे हेही शिकवले पाहिजे. हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा जो हिशोब जेट करते, तोच आता कॉम्प्युटर करतो. ज्याला जुना हिशोब कळला, त्याला नवाही कळेल.

आमची कारागीर बांधवांना एकच सूचना आहे. प्रत्येक गाडीचा जेट नंबर, स्क्रूचे फेरे आणि कामाची तारीख एका वहीत लिहा. दहा रुपयांची ही वही गॅरेजचे नाव राखेल.