मानेतील रोहिणी मोकळी केली, तर स्मरणशक्ती परत येते का?

रक्ताभिसरणाचा धडा शिकवताना आपण मुलांना मनगटावर नाडी पाहायला सांगतो. तीच नाडी मानेवर, कंठमण्याच्या उजव्या व डाव्या बाजूलाही हाताला लागते. तेथे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या आहेत. डॉक्टर त्यांना 'कॅरोटिड' म्हणतात. 'गुंगी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले, कारण त्या दाबल्या तर माणसाला गुंगी येते, असे प्राचीन ग्रीकांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मानेतील मर्मांमध्ये 'नीला' व 'मन्या' यांची गणना केलेली असून त्यांना इजा झाल्यास वाचा जाते, असे म्हटले आहे. (वर्गात मात्र मुलांना मनगटावरच नाडी मोजू द्यावी. मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबल्यास भोवळ येऊ शकते.)

उतारवयात काहींच्या या रोहिण्यांच्या आतल्या बाजूला चरबी व चुन्याचा थर साचतो आणि त्या अरुंद होतात. हा थर काढता येतो. त्यामुळे योग्य रुग्णांमध्ये अर्धांगवायूचा झटका टळू शकतो, हे सिद्ध झाले आहे. पण घरच्या माणसांच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न असतो. "बाबा हल्ली विसरतात. नळी साफ केली, तर पहिल्यासारखे होतील का?" शिरपूरसारख्या गावाहून धुळे, नाशिक, इंदूर किंवा मुंबई गाठायची, साठवलेला पैसा खर्च करायचा आणि मानेवर शस्त्रक्रिया करून घ्यायची, ती या आशेवर करावी का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विज्ञान कसे काम करते, हेही आपल्याला पाहायला मिळते.

मेंदूची गरज

प्रौढ माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलोचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या काळात शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. दर मिनिटाला त्याला पाऊण लिटरच्या आसपास रक्त लागते. १०० ग्रॅम मेंदूमागे हा हिशेब मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर पडतो. तो २० च्या खाली उतरला की पेशींचे काम बंद पडू लागते आणि १० च्या खाली गेला की पेशी लवकरच मरतात.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की काम बंद पडलेली पेशी आणि मेलेली पेशी यांत फरक आहे. पहिली रक्त मिळाल्यावर पुन्हा कामाला लागू शकते. दुसरी नाही. रोहिणी मोकळी केल्यावर बुद्धी सुधारेल, ही आशा या फरकावरच उभी आहे.

अरुंद नळीचे गणित

रोहिणीचा व्यास निम्मा झाला तर छेदाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरते. व्यास ७० टक्क्यांनी कमी झाला तर क्षेत्रफळ केवळ ९ टक्के उरते. सरळ, कडक नळीतून सावकाश वाहणाऱ्या द्रवासाठी प्वाझेचा नियम आणखी कडक आहे. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने निम्म्या व्यासाच्या नळीतून, दाब तोच असेल तर, सोळावा हिस्साच द्रव वाहतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

पण शरीर म्हणजे नुसती नळी नव्हे. रोहिणीचा थोडाच भाग अरुंद झाला, की पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि प्रवाह सांभाळून घेतात. शिवाय मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले. दोन कॅरोटिड आणि पाठीमागच्या दोन रोहिण्या या कड्याला मिळतात. त्यामुळे एक वाट अडली तर दुसऱ्या वाटेने रक्त येऊ शकते. परिणामी व्यास सुमारे ७० टक्क्यांनी कमी होईपर्यंत मेंदूला मिळणारे रक्त फारसे घटत नाही. कड्याचे दुवे चांगले असतील, तर एक रोहिणी पूर्ण बंद असूनही माणूस हिंडता-फिरता असतो.

मग धोका कशाचा? बहुतेक वेळा तो थर फुटण्याचा असतो. त्यावर रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो, रक्ताबरोबर वर जातो आणि मेंदूतील बारीक रोहिणीत अडकतो. म्हणजे अरुंद रोहिणी मेंदूला दोन प्रकारे इजा करते: एक, गुठळ्या पाठवून, दुसरी, रक्त कमी पोहोचवून. पहिला प्रकार बऱ्याच जणांत, दुसरा थोड्यांत.

आता एक पायरी पुढे जाऊ. ज्याच्या मेंदूला रक्त पुरेसे मिळतच आहे, त्याची रोहिणी रुंद केल्याने पुढचे झटके टळतील. पण जे कमी पडलेच नव्हते ते वाढून बुद्धी कशी सुधारणार? सुधारणेची शक्यता असेल ती मुख्यतः दुसऱ्या, थोड्या लोकांच्या गटात.

शस्त्रक्रिया कशी आली

१९५१ साली मिलर फिशर या कॅनेडियन डॉक्टरांनी मानेतील रोहिणी बंद पडणे आणि अर्धांगवायू यांचा संबंध स्पष्ट दाखवला. त्याच वर्षी त्यांनी वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाचेही हे एक कारण असावे, असा विचार मांडला. म्हणजे आपला प्रश्न शस्त्रक्रियेपेक्षाही जुना आहे. १९५३ साली अमेरिकेत डीबेकी यांनी रोहिणीतील थर काढला. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी वारंवार तात्पुरते झटके येणाऱ्या एका स्त्रीवर केलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली.

तरी ती खरोखर उपयोगी आहे का, हे ठरायला १९९१ साल उजाडले. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, झटका किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या आणि रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पुढे जांघेतून किंवा हातातून नळी सरकवून रोहिणीत जाळीची नळकांडी, म्हणजे स्टेंट, बसवण्याची पद्धत आली.

ज्यांना झटका आलेलाच नाही, त्यांची गोष्ट निराळी. आजची औषधे जुन्या औषधांपेक्षा बरीच चांगली आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रेस्ट-२' चाचण्यांत केवळ कसून औषधोपचार घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना चार वर्षांत झटका किंवा त्यासारखी गंभीर घटना घडली; औषधांसोबत स्टेंट बसवलेल्यांत २.८ टक्क्यांना. शस्त्रक्रियेच्या चाचणीत हेच आकडे ५.३ आणि ३.७ असे होते, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

बुद्धी मोजायची कशी?

झटका आला की नाही, हे ठरवणे त्या मानाने सोपे. बुद्धी सुधारली की नाही, हे ठरवणे अवघड. यातील अडचणी शिक्षकांइतक्या दुसऱ्या कोणाला चटकन समजणार नाहीत.

पहिली अडचण सरावाची. तीच प्रश्नपत्रिका तीन महिन्यांनी पुन्हा दिली तर मुलांचे गुण वाढतात. म्हाताऱ्या माणसांचेही वाढतात. शस्त्रक्रियेआधी व नंतर एकच चाचणी घेतली आणि दोन गुण जास्त मिळाले, तर ते रोहिणीचे की सरावाचे? पूर्वीच्या अनेक लहान अभ्यासांनी दिलेली आनंदाची बातमी येथेच डळमळते.

दुसरी अडचण तुलनेची. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे बांधण्याचे काम झाले. ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून सर्वांना ठाऊक आहे. समजा, नाला खोल केल्यावर शेजारच्या विहिरीचे पाणी चढले. पण त्या वर्षी पाऊसही चांगला झाला असेल तर? श्रेय कोणाचे, हे सांगायला नाला न खोदलेल्या, बाकी तशाच असलेल्या गावातील विहिरीही मोजाव्या लागतील. रुग्णांचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर माणूस औषधे नियमित घेतो, विडी सोडतो, घरचे लोक लक्ष देतात. म्हणून शस्त्रक्रिया न झालेला, तेवढीच औषधे घेणारा दुसरा गट हवाच, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरायला हवे.

तिसरी अडचण भाषा आणि शिक्षणाची. माँट्रियल येथे तयार झालेली 'मोका' ही ३० गुणांची चाचणी जगभर वापरतात आणि तिचे मराठी रूपही आहे. पण घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीला घनाकृती काढायला सांगून काय कळणार? तिचे कमी गुण आजाराचे की शाळा न मिळाल्याचे? हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ साली निरक्षरांसाठी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. तीत वाचन-लेखनाऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणण्यासारखे प्रश्न आहेत. म्हणून घरच्यांनी एकाच वेळच्या गुणांवरून निष्कर्ष काढू नये. पूर्वी जमणारे बाजाराचे हिशेब, देवाणघेवाण, नेहमीची वाट आता चुकते का, ही माहितीही तेवढीच मोलाची.

काय आढळले?

एक गोष्ट नक्की दिसते. रोहिणी अरुंद असलेल्या, पण झटका न आलेल्या लोकांची स्मरणशक्ती त्याच वयाच्या इतरांपेक्षा सरासरीने कमी असते. 'क्रेस्ट-२' मधील रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या तपासणीत हे आढळले. म्हणजे संबंध आहे. पण रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान ही कारणे मोठ्या रोहिणीबरोबर मेंदूतील बारीक रक्तवाहिन्याही खराब करतात. मोठी रोहिणी साफ केली तरी बारीक वाहिन्या तशाच राहतात.

उपचारानंतरचे चित्र संमिश्र आहे. बहुतेकांच्या बुद्धीत ठळक फरक पडत नाही. काहींची सुधारते, काहींची थोडी घटते. उपचाराच्या वेळी सूक्ष्म कण सुटू शकतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीत एम.आर.आय. चित्रांत स्टेंटनंतर निम्म्या रुग्णांत मेंदूवर नवे ठिपके दिसले, शस्त्रक्रियेनंतर १७ टक्क्यांत. तरीही त्याच चाचणीतील रुग्णांची बुद्धी तपासली तेव्हा दोन्ही गटांत खात्रीलायक फरक आढळला नाही. 'ए.सी.एस.टी.-१' या चाचणीतील ब्रिटन व स्वीडनच्या रुग्णांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांत आणि न झालेल्यांत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

रक्त खरोखर कमी पडणाऱ्यांचे काय? रोहिणी पूर्ण बंद झालेल्या रुग्णांच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात कवटीबाहेरची रोहिणी मेंदूतील रोहिणीला जोडून पाहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार औषधांपेक्षा तिचा बुद्धीला जास्त फायदा झाला नाही. अरुंद पण चालू असलेल्या रोहिणीसाठी हाच प्रश्न 'क्रेस्ट-एच' या संशोधनात हाती घेण्यात आला. सुधारणेची खरी आशा आहे ती याच गटात.

मग करावे काय?

झटका टाळण्यासाठी शस्त्रक्रिया हे एक उत्तर आहे. स्मरणशक्ती परत मिळवण्यासाठी ते उत्तर ठरलेले नाही. डॉक्टरांना घरच्यांनी सरळ विचारावे: झटका येऊन गेला आहे का, रोहिणी किती टक्के अरुंद आहे, मेंदूला रक्त कमी पडते असे तपासणीत दिसले आहे का, आणि येथे उपचारातच झटका येण्याचे प्रमाण किती? विसराळूपणाची थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासीनता, कमी ऐकू येणे अशी दुसरी कारणेही तपासून घ्यावीत. त्यांतली काही स्वस्तात बरी होतात.

मात्र झटका टाळणे म्हणजेही बुद्धी राखणेच होय. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहांतील एकाला बुद्धिभ्रंश जडतो. डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी मुंबईत २००५-०६ मध्ये केलेल्या पाहणीत दर लाख वस्तीत वर्षाला १४५ जणांना पहिला झटका आल्याचे आढळले, त्यातले सुमारे ८० टक्के रक्तवाहिनी अडल्यामुळे. हाच दर धरला तर पाऊण लाख वस्तीच्या शिरपूरएवढ्या गावात वर्षाला शंभरावर घरे यात सापडतील. शिवाय आपल्या लोकांत कवटीच्या आतील रोहिण्या अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे आणि मानेवरची शस्त्रक्रिया तेथे पोहोचत नाही.

तेथे पोहोचतो तो रक्तदाबावरचा उपचार. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केलेल्यांत सौम्य बुद्धिक्षीणतेचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. अर्थात कोणाचा रक्तदाब किती खाली आणायचा, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. विडी-तंबाखू सोडणे, साखर ताब्यात ठेवणे, मीठ कमी करणे, रोज चालणे हे उपाय तालुक्याच्या गावीच नव्हे, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरही करता येतात.

आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांना पाठ करून द्यावी. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले किंवा एका डोळ्यापुढे अचानक पडदा आला, तर दहा मिनिटांत ते आपोआप बरे झाले तरी सोडून देऊ नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तात्पुरत्या झटक्यानंतर मानेवरची शस्त्रक्रिया करायची ठरली तर तिचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. आजी-आजोबांजवळ दिवसभर असतात ती बहुधा घरातली मुलेच. ही लक्षणे त्यांना ओळखता आली, तर रक्ताभिसरणाचा धडा त्यांना खऱ्या अर्थाने समजला, असे म्हणता येईल.