कोयत्यासोबत वचनही जाऊ द्या



दसरा झाला की परळी, धारूर, वडवणी भागातल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पालावर राहणे. तेवढ्या काळात त्यांना ना मंडळीची उपासना, ना पाळकांची भेट. फोन मात्र बहुतेकांच्या जवळ असतो. त्यावर वचन कसे ठेवता येईल, ते पाहू.

ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी ‘यूव्हर्जन’चे बायबल अ‍ॅप चांगले आहे. ते २००८ पासून मोफत मिळते. त्यात बायबल सोसायटीचे आपल्या ओळखीचे पवित्र शास्त्र आहे आणि सोप्या भाषेतला नवा करारही आहे. एखादे वचन कळले नाही तर दोन्हींत वाचून पाहावे, अर्थ उलगडतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ‘बायबल डॉट इज’वर मराठी नवा करार ऐकावा. घरात गोरमाटी बोलणाऱ्यांसाठी ‘ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्क’ची ध्वनिमुद्रणे आहेत, तिथे ‘लंबाडी’ या नावाने शोधावे. आजीला मराठी वचन समजते, पण आपल्या बोलीतले मनाला भिडते. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणूनच मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केले होते.

फडावर रेंजचा भरवसा नसतो, म्हणून ध्वनिफिती निघण्यापूर्वीच उतरवून घ्याव्यात.

एक सावधगिरी. व्हिडिओवर आरोग्याचे आणि आशीर्वादाचे वायदे करून शेवटी पैसे पाठवायला सांगणारेही भेटतात. उचल फेडता फेडता थकलेला माणूस अशा बोलण्याला लवकर भुलतो. बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणेही शास्त्राशी ताडून पाहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). तेच करावे, आणि शंका आली तर पैसे पाठवण्याआधी पाळकांना फोन करावा.

नेम सोपा ठेवावा. स्तोत्रे १५० आहेत. रोज एक वाचले तर पाच महिने पुरतात, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम.

आपणांस विनंती एवढीच, की दसऱ्याआधी आपल्या ओळखीच्या एका तरी कुटुंबाजवळ अर्धा तास बसा. आपल्या घरच्या इंटरनेटवर त्यांचा फोन भरून द्या आणि ध्वनिफीत कशी लावायची ते घरातल्या बाईच्या हातून करवून घ्या. मग प्रार्थना करून त्यांना निरोप द्या.