पाचशे रुपयांनी स्वस्त, पण कशात?

मोटरसायकलचा इन्शुरन्स संपत आला की चार कंपन्यांचे आकडे काढायचे आणि सगळ्यात खालचा उचलायचा, ही बहुतेकांची रीत. आकडे काढणं बरोबरच आहे. घोळ होतो तो ते वाचताना. त्या एका रकमेत दोन वेगळे हिशेब एकत्र केलेले असतात. एकात कंपनीला दर ठरवायची मुभाच नसते, दुसऱ्यात ती जवळपास पूर्ण असते.

“थर्ड पार्टी कुठे स्वस्त मिळेल?”

कुठेच नाही. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या भागाचे, दर केंद्र सरकार ठरवतं आणि ते सगळ्या कंपन्यांना सारखेच लागू होतात. 1 जून 2022 पासूनचे दर असे: 75 सीसीपर्यंत 538 रुपये, 150 सीसीपर्यंत 714, 350 सीसीपर्यंत 1,366 आणि त्यापुढे 2,804. वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे स्प्लेंडर घ्या नाहीतर पल्सर 150, थर्ड पार्टीचे साधारण 842 रुपयेच. पल्सरचं इंजिन 149.5 सीसीचं, म्हणून ती थोडक्यात खालच्या गटात बसते. 160 सीसीची अपाचे मात्र थेट 349 सीसीच्या क्लासिकच्या पंगतीला जाते.

तेव्हा चौकातला कोणी “पाचशेत करून देतो” म्हणाला, तर तो कागद खरा असण्याची शक्यता कमी. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची नोंद दिसते का, ते तिथल्या तिथे बघता येतं.

कंपन्यांमध्ये खरी चढाओढ आहे ती आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला लोक ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. तिथले दर 2007 पासून खुले झाले.

“ज्याचा आकडा कमी, तो स्वस्त”

तुलनेतली सगळ्यात मोठी चूक हीच. आकड्याआधी आयडीव्ही बघायला हवी. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, ती ही रक्कम. त्या मॉडेलची आजची एक्स-शोरूम किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा: वर्षाच्या आत 15 टक्के (पहिल्या सहा महिन्यांत 5), दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. त्याहून जुन्या गाडीची रक्कम मालक आणि कंपनी मिळून ठरवतात.

आता समजा, किंमत 90 हजार आणि गाडी अडीच वर्षांची. आयडीव्ही 63 हजार यायला हवी. एक कंपनी 63 हजारांवर आकडा देते, दुसरी 50 हजारांवर. दुसरीचा प्रीमियम अर्थातच कमी दिसतो. किती कमी? दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास धरला, तर त्या 13 हजारांच्या फरकापोटी सव्वादोनशे रुपये. एवढ्यासाठी चोरीच्या वेळी 13 हजार सोडायचे, हा व्यवहार कोणी कागदावर लिहून समोर ठेवला तर आपण सही करणार नाही. स्क्रीनवर मात्र करतो.

दुसरं असं की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. 40 हजारांच्या दुरुस्तीत 63 हजारवाली गाडी गॅरेजमधून नीट होऊन परत येते. 50 हजारवाली 37,500 रुपयांची रेघ ओलांडून गेलेली असते.

सगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच आयडीव्हीवर काढून घ्या. आणखी एक बघा: मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण त्यात धरलंय का? एकाने धरलं आणि दुसऱ्याने वगळलं की दुसरा उगाच स्वस्त वाटतो. तुमच्याकडे तेवढ्या रकमेचं असं संरक्षण आधीपासून असेल, तर ते पुन्हा घ्यायची गरज नाही.

“पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, टेन्शन नाही”

सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा झाला. शोरूममध्ये “पाच वर्षांचा आहे साहेब” एवढंच कानावर पडतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर मुदतीच्या दोन वेगवेगळ्या तारखा असतात, त्या वाचा. बहुतेकांची थर्ड पार्टी पाच वर्षांची असते आणि स्वतःच्या नुकसानीचा भाग एकच वर्षाचा. तो संपला तरी पोलीस अडवत नाहीत, कारण कायद्याला थर्ड पार्टीच हवी असते. त्यामुळे मालकाला पत्ता लागतो तो गाडी चोरीला गेल्यावर किंवा पुरात बुडाल्यावर.

हा एक वर्षाचा भाग संपल्यावर त्याच कंपनीकडे जायलाच हवं असंही नाही. सप्टेंबर 2019 पासून तो स्वतंत्रपणे दुसऱ्या कंपनीकडून घेता येतो. थर्ड पार्टीच्या चालू पॉलिसीचा नंबर तेवढा द्यावा लागतो.

“कंपनी बदलली की एनसीबी गेला”

नाही. हा ‘नो क्लेम बोनस’ मालकाचा असतो, कंपनीचा नाही आणि गाडीचाही नाही. क्लेम न घेतल्यास तो 20 टक्क्यांपासून वाढत 50 पर्यंत जातो आणि तुमच्याबरोबर दुसऱ्या कंपनीत येतो. जातो तो मुदत संपून 90 दिवस उलटल्यावर. सेकंडहँड गाडीबरोबर आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. आकडा खाली यावा म्हणून कोणी “एनसीबी लावून टाकतो” म्हणत असेल, तर क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडे विचारणा होते आणि ते तुमच्यावरच शेकतं.

“झिरो डेप म्हणजे खिशातून काही नाही”

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची अर्धी किंमत कापली जाते. झिरो डेपमध्ये ती कापणी बरीचशी टळते, पण सक्तीची वजावट राहते, ऑइलसारख्या गोष्टी सहसा वगळतात आणि वर्षातल्या क्लेमच्या संख्येलाही मर्यादा असते. पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारून झालेलं नुकसान तर वेगळं इंजिन कव्हर असेल तरच.

“थर्ड पार्टीत मागे बसणारा धरलेलाच असतो”

सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली याच्या उलट निकाल दिला: कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे सहज बसवलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. दोन्ही भाग असलेल्या सर्वंकष पॉलिसीत ती येते, हे विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना स्पष्ट कळवलं. पहिल्या प्रकारात मागे बसलेल्याला इजा झाली, तर भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल होऊ शकते.