उस्तादाला सवड नसेल तेव्हा : यंत्राजवळचा पाच मिनिटांचा धडा

उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे राबल्याशिवाय हुन्नर येत नाही, असे आपल्या धंद्यात मानले जाते. ते खोटेही नाही. पण आज शिलाईच्या कारखान्यात आलेला मुलगा चार-पाच वर्षे टिकेलच, याची खात्री कोण देणार? ईदच्या तोंडावर उस्तादाला मान वर करायला सवड नसते. नवा मुलगा भीतीने विचारत नाही. माल बिघडतो, मालक ओरडतो आणि मुलगा पंधरा दिवसांत दुसरा कारखाना धरतो. नुकसान दोघांचेही होते. यावर छोट्या धड्यांची पद्धत उपयोगी पडते, म्हणून तिची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कसलेले कामगार फौजेत गेले आणि कारखाने नवख्या माणसांनी भरले. त्यांना वर्षानुवर्षे शिकवायला वेळ नव्हता. १९४० साली तेथील सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना काढली. १९४५ पर्यंत ती १६ हजारांहून अधिक कारखान्यांत पोहोचली. दुसऱ्याला काम कसे शिकवावे, एवढेच मुकादमांना १० तासांच्या वर्गात शिकवले जाई. युद्धानंतर ही योजना जपानात गेली आणि टोयोटासारख्या कंपनीने ती आपलीशी केली.

या वर्गात एक प्रयोग होत असे. दिव्याची वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून होल्डरच्या आत वायरला गाठ मारतात. ती गाठ कशी मारायची हे एकाला नुसते तोंडाने सांगत. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवत. त्यालाही जमत नसे. शेवटी शिकवण्याच्या चार पायऱ्या वापरल्या की गाठ बसे. शिकणाऱ्याच्या मनातली भीती घालवून त्याला काय येते ते विचारावे, ही पहिली पायरी. एकेक टप्पा करून दाखवावा आणि त्यातली खुबी कारणासह सांगावी, ही दुसरी. त्याच्याकडून करून घ्यावे आणि करताना त्यालाच बोलायला लावावे, ही तिसरी. त्याला कामावर सोडावे, पण अडल्यास कोणाला विचारायचे ते सांगून मधूनमधून पाहावे, ही चौथी. 'कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही' हे त्या योजनेचे सूत्र होते.

आता आपल्याकडे पाहू. ओव्हरलॉक मशीनवर खालच्या लूपरचा धागा तुटला की नवा कारागीर तोच तेवढा पुन्हा ओवतो आणि धागा परत तुटतो. याचा धडा असा : आधी स्वीच बंद करावा. सुयांतले धागे काढून घ्यावेत. मग लूपर ओवावा आणि सुया शेवटी ओवाव्यात. कारण सुयांचे धागे आधीच ओवलेले असतील तर लूपरचा धागा त्यांत अडकतो. धडा एवढाच. उस्तादाने एकदा निवांत वेळी हे करून दाखवावे आणि कोणीतरी मोबाईलवर त्याचे हात व आवाज टिपून घ्यावा. पुढे धागा तुटेल तेव्हा मुलाने तो धडा यंत्राजवळच पाहावा, हवा तितक्या वेळा पाहावा.

असे धडे करताना काही पथ्ये पाळावीत. एका धड्यात एकच काम असावे. भाषा कारागिराची असावी. तो बिहार किंवा बंगालमधून आलेला असेल तर त्याच्या बोलीत सांगावे. ज्याला वाचता येत नाही त्याला आवाज आणि चित्र पुरते. चालू यंत्रासमोर मोबाईल हातात घेऊ देऊ नये, बोटे जाण्याचा धोका असतो.

दुकानदारांनाही हे लागू आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे पाठवल्याचा फोटो दाखवते आणि गल्ल्यावरचा नवा मुलगा माल देऊन मोकळा होतो. फोटो बनावटही असू शकतो. 'गिऱ्हाईकाचा मोबाईल पाहू नये, रक्कम आपल्या खात्यात जमा झाली का ते पाहावे' हा एका मिनिटाचा धडा पहिल्याच दिवशी द्यावा.

मात्र हा धडा म्हणजे उस्ताद नव्हे. कापडाचा पोत, हाताचा अंदाज आणि चूक होण्याआधीच ती ओळखणारी नजर मोबाईलमधून येत नाही. तिसरी आणि चौथी पायरी माणसानेच चढवून घ्यायची असते. शिवाय उस्तादाला वाटू नये की आपले हुन्नर काढून घेऊन आपल्याला घरी बसवणार. धडे देण्याच्या वेळेची मजुरी मालकाने त्याला द्यावी आणि त्याचा मान राखावा.

सुरुवात लहान करावी. आपल्या कारखान्यात वरचेवर होणाऱ्या पाच चुका कागदावर लिहाव्यात आणि आठवड्याला एक धडा तयार करावा. उस्ताद उद्या गावी गेला तरी त्याने शिकवलेले कारखान्यात राहील, आणि नव्या मुलाला विचारण्याची लाज वाटणार नाही.