पाण्याचा ग्लास, कुत्रा आणि फ्रॉइडचं 'अबोध मन'

घशाला कोरड पडलीय, ग्लास हातात आहे. पण ओठांना लागताच ती तो दूर ढकलते. व्हिएन्नातली एक तरुणी कित्येक आठवडे फक्त फळांवर तहान भागवत होती.

डॉ. जोसेफ ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात तिच्यावर उपचार करत होते. एकदा संमोहनात तिने सांगितलं, की घरातल्या सोबतीच्या बाईंचा कुत्रा ग्लासातून पाणी पिताना तिने पाहिला होता. किळस आली, पण वाईट दिसेल म्हणून ती गप्प बसली. दाबलेला राग बाहेर पडला आणि तिने तिथेच पाणी मागून घेतलं. या पद्धतीला 'टॉकिंग क्युअर' हे नावही तिनेच दिलं.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने ही केस छापली. फ्रॉइडने पुढे मांडलं, की दाबलेल्या इच्छा आणि आठवणी अबोध मनात राहतात आणि लक्षणं, स्वप्नं, बोलण्यातल्या चुका यांतून डोकं वर काढतात. १९२३ मध्ये त्याने मनाचे तीन भाग सांगितले: 'हवंच' म्हणणारा इड, 'हे शोभत नाही' म्हणणारा सुपरइगो आणि दोघांना सांभाळणारा इगो.

पण पुस्तकात 'बरी झालेली' अ‍ॅना प्रत्यक्षात १८८२ मध्येच स्वित्झर्लंडच्या सॅनिटोरियममध्ये दाखल झाली होती. तिचं खरं नाव बर्था पापेनहाइम. पुढे ती सावरली, १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू महिलांची संघटना उभारली आणि मुलींच्या तस्करीविरुद्ध लढली. या सावरण्याचं श्रेय उपचारांना द्यायचं की तिला, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.