जुन्या वस्तऱ्याची तपासणी

जुन्या बाजारात चक्कर मारणाऱ्यांना घडीचा वस्तरा कधी ना कधी दिसतोच. पात्यावर गंज, मूठ पिवळसर, आणि विक्रेत्याचे ठरलेले वाक्य, 'साहेब, इंग्लंडचा आहे. हस्तिदंती मूठ. दीडशे वर्षांचा तरी असेल.' नाणी आणि तिकिटांप्रमाणे जुने वस्तरे जमवणारेही अनेक आहेत. वस्तरा खरोखर कुठला, केव्हाचा आणि कशाचा, हे ओळखण्याची त्यांची रीत डॉक्टरांच्या ओळखीची आहे. आधी नीट पाहायचे, मग हात लावायचा, मग वास घ्यायचा आणि एकाच लक्षणावरून निदान करायचे नाही.

पाहायला सुरुवात करावी ती पाते आणि खीळ यांच्यामधल्या जाड भागापासून. बनवणाऱ्याची मोहर तिथे असते. इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही वस्तऱ्यांची दोन मोठी गावे. शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर अनेकदा मुकुट आणि राजाची आद्याक्षरे आढळतात. 'डब्ल्यू आर' म्हणजे चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. 'जी आर' मात्र फसवे आहे. १८३० पूर्वी जॉर्ज नावाचे राजे होते, तसे १९१० नंतरही आले. अमेरिकेने १८९०च्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा शिक्का असेल, तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. पात्याचा आकारही साक्ष देतो. जुनी पाती पाचरीसारखी भरीव असतात. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पातळ पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली.

काही पात्यांवर 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरे दिसतात. त्यामागच्या कथेचा एक धागा मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी दक्षिण भारतातील मुशीत बनणाऱ्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथे जॉर्ज पिअर्सन या दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून १७९५ मध्ये निबंध मांडला. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतके खूश झाले, की ते त्याची जाहिरात करू लागले. पुढे त्यांनी तरुण मायकेल फॅरडेंना सोबत घेतले. दोघांनी पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी इतके अल्प प्रमाण त्यांना उपयुक्त वाटले. आपल्या पोलादाचे वस्तरे फॅरडेंनी मित्रांना भेट दिले. हे नाव पुढे इतके लोकप्रिय झाले, की ज्या पोलादात चांदीचा मागमूस नाही, त्यावरही ते उमटू लागले. तेव्हा शिक्का वाचावा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

आता मूठ. इथे शरीरशास्त्र कामी येते. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात. त्यामुळे हाडाच्या मुठीवर भिंगातून काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. हस्तिदंत म्हणजे दातातील दंतिन. त्यात अशा नळ्या नसतात. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. शिंग हे केस आणि नखांसारखे केराटिनचे असते. ते प्रकाशासमोर धरले, तर कडा काहीशा पारदर्शक भासतात. सेल्युलॉइडची नक्कल ओळखू येते ती तिच्या अति व्यवस्थित, समांतर पट्ट्यांवरून. शिवाय बोटाने चोळल्यावर तिला कापराचा वास येतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइडचे उत्पादन सुरू झाले. त्यामुळे मूठ मूळचीच असेल, तर वस्तरा त्यापूर्वीचा नाही हेही कळते.

मुठीची ओळख पटणे आरोग्यासाठीही महत्त्वाचे आहे. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. सेल्युलॉइड हे नायट्रेट केलेले सेल्युलोज असल्याने क्षणात पेट घेते. जुने झाले की ते धुरकट होते, त्याला तडे जातात आणि त्यातून नायट्रोजनचे वायू सुटतात. हवेतील ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल बनते आणि शेजारचे पातेही गंजते. अशी मूठ बंद पेटीत इतर वस्तूंबरोबर ठेवू नये, तिच्याजवळ ज्योत नेऊ नये.

बऱ्याच जुन्या वस्तऱ्यांत मुठीच्या शेपटीकडच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये शिशाची छोटी पाचर असते. तिच्यावर पांढरी भुकटी दिसली, तर कोरड्या कागदाने घासू नये, फुंकरही मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे, हात साबणाने धुवावेत आणि मुलांना दूर ठेवावे. हस्तिदंताच्या बाबतीत प्रश्न कायद्याचा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनुसार त्याच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे. मूठ 'जुनी आहे' या सबबीवर ती विकत घेऊ नये. आणि हौसेने दाढी करणार असाल, तर गंजाने खड्डे पडलेले पाते वापरू नका. असे पाते पूर्ण निर्जंतुक करणे अवघड असते. वस्तरा दुसऱ्याला देऊही नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो.

इतकी तपासणी करूनही वस्तऱ्याच्या इतिहासातला एक पदार्थ हाती लागत नाही. पात्याला धार आणि आकार देणारे वालुकाश्माचे चाक वस्तऱ्यात उरत नाही. त्याची धूळ मात्र घासणाऱ्याच्या छातीत उरली.

शेफिल्डचे डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी १८३० च्या सुमारास या कामगारांची पाहणी लिहून ठेवली. शहरात सुमारे अडीच हजार घासकाम करणारे होते. काटे कोरडे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरत. वस्तरे घासणारे काही काम ओले, काही कोरडे करत, ते ४० ते ४५ व्या वर्षी जात. काम जितके कोरडे, तितके आयुष्य आखूड. या दम्यावर उपाय म्हणून शेफिल्डच्याच जे. एच. अब्राहम यांनी चुंबकाचे यंत्र सुचवले. कामगारांनी ते फारसे स्वीकारले नाही. पण स्वीकारले असते, तरी चुंबकाने पोलादाचे कण खेचले असते, दगडाचे नाही. खरा अपराधी होता दगडातला सिलिका. त्याचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात आणि हळूहळू फुप्फुस व्रणासारखे कडक होते. वस्तरे घासणाऱ्यांना खरा दिलासा मिळाला तो धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यांनी आणि पुढे वालुकाश्माची जागा घेणाऱ्या कृत्रिम चाकांनी.

या आजाराला आज आपण सिलिकोसिस म्हणतो आणि तो शेफिल्डबरोबर संपलेला नाही. खंभातचे अकीक घासणारे, दगडखाणी आणि खडी केंद्रांवरचे मजूर, फरशी कापणारे, हे सगळे तीच धूळ घेतात. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या अशा रुग्णाला खोकला असतो, धाप असते, वजन घटलेले असते आणि एक्स-रेवर डाग असतात. क्षयाचे निदान सहज होते. कधी ते बरोबरही असते, कारण सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका अनेक पटींनी वाढतो. पण क्षयाच्या गोळ्यांनी सिलिका निघून जात नाही आणि सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. धुळीपासून दूर करणे हाच उपाय. १९४८च्या कारखाने कायद्यानेच हा आजार सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला. तरीही तो नोंदला जातो तेव्हाच, जेव्हा कोणीतरी विचारते, 'काम काय करता?' इटलीचे बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये डॉक्टरांना हाच प्रश्न विचारायला सांगितले होते.

डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर रुग्णाने स्वतः सांगावे. किती वर्षे दगड कापला, कोरडा की पाणी सोडून, हे पहिल्याच भेटीत सांगावे. काम सुटले असेल, तरी सांगावे, कारण हा आजार काम सोडल्यावरही वाढत राहतो. आणि काम चालू असेल, तर चाकावर पाण्याची धार, धूळ ओढणारा पंखा आणि योग्य मास्क यांची मागणी करावी. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.