रंग देखणे, पण मजकूर वाचता येतो का?

संकेतस्थळाचे रंग ठरवताना एक ठरीव यादी हमखास पुढे येते: निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे घाई, हिरवा म्हणजे निसर्ग. या यादीवर विसंबून रंगवलेली कितीतरी पाने दिसतात छान, पण वाचवत नाहीत. पडद्यावर रंगाचा परिणाम एकट्या रंगात नसतो. तो शेजारच्या रंगावर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर, सवयींवर अवलंबून असतो. म्हणून रंगांच्या मानसशास्त्राआधी पाहायला हवे ते अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले अंतर.

शेजाराचे हे बळ पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात (भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे) उघड झाले. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल १८२४ पासून तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा उतरलेला भासत होता. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांना उठाव देतात, हे रंगसंगतीचे तत्त्व त्यातलेच. पण उठाव म्हणजे वाचनीयता नव्हे. गडद हिरव्यावर भडक लाल अक्षरे लिहा: दोन्ही रंग झगमगतात आणि शब्द मात्र डोळ्यांपुढे थरथरतात, कारण दोघांचा उजळपणा जवळपास सारखाच. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २००८ च्या निकषांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवे. पांढऱ्यावर काळा २१ ला १ देतो. या लाल-हिरव्या जोडीत ते १.३ च्या आसपासच राहते.

यावर कुणी म्हणेल, गुगलने दुव्यांसाठी निळ्याच्या ४१ छटा लोकांवर तपासून पाहिल्याच ना, मग रंगाचा मनावर परिणाम होतो हे सिद्धच झाले. परिणाम होतो, यात वाद नाही. पण त्या ४१ही छटा निळ्याच होत्या. ‘निळा म्हणजे विश्वास’ एवढ्यावर भागत असते, तर त्यांतून निवड करण्याची गरजच पडली नसती. फेसबुकच्या निळ्याचेही तेच. संस्थापक मार्क झुकरबर्ग यांना लाल-हिरव्यातला भेद नीट दिसत नाही, निळा मात्र स्वच्छ दिसतो, हे कारण त्यांनी स्वतःच सांगितले आहे. अर्थही जागेनुसार पालटतो: आपल्या शेअर बाजारात लाल आकडा घसरणीचा, चीनमध्ये तोच चढाचा.

उजळपणाच्या निकषांनी पाने रूक्ष होतील, ही भीती अनाठायी आहे. रंग तोच ठेवून फक्त गडद-फिका केला तरी बहुतेक वेळा काम होते, आणि हे गुणोत्तर मोजणारी साधने फुकट मिळतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्यात गल्लत होते. तेव्हा अर्जातली चूक नुसत्या लाल चौकटीने दाखवू नका; काय चुकले ते तिथेच शब्दांत लिहा.